तिकीट गाडीच्या नावावर

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींचं न्यूयॉर्क शहरात जाणं-येणं रोजचंच. कुणाची नोकरी मॅनहॅटनला, कुणाची बहीण क्वीन्समध्ये, आणि भारतातून पाहुणे आले की जेएफकेची फेरी ठरलेली. मग काही दिवसांनी टपालात एक पाकीट पडतं. शाळेच्या परिसरात तुमच्या गाडीनं वेगमर्यादा ओलांडल्याचं कॅमेऱ्यानं टिपलं, 50 डॉलर भरा. पुण्यात ई-चलनाचा मेसेज निदान मोबाइलवर तरी येतो. इथे पाकीट उघडेपर्यंत पत्ताच नसतो. शिवाय न्यू जर्सीच्या कायद्यानं वेगासाठी असे कॅमेरे लावायला बंदी घातली आहे, त्यामुळे नदी ओलांडल्यावर नियम बदलतो हे आपल्या ध्यानात येत नाही.

पाकीट आलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हा पैसे उकळायचा धंदा आहे, लढायचंच. दुसरा म्हणतो, भरून टाका आणि मोकळे व्हा. माझं म्हणणं, आधी कागद नीट वाचा. कारण एकदा पैसे भरले की तुम्ही दोष मान्य केला असं धरतात. नंतर हरकत घ्यायला जागा उरत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. न्यूयॉर्क राज्यानं 2013 मध्ये शहराला शाळांजवळच्या मोजक्या 20 ठिकाणी हे कॅमेरे लावायची मुभा दिली. 2019 मध्ये ती 750 शाळा-परिसरांपर्यंत वाढली आणि शाळेपासून 1,320 फुटांचा, म्हणजे पाव मैलाचा टापू त्यात आला. ऑगस्ट 2022 पासून कॅमेरे चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालू असतात. त्यामुळे ‘रविवार होता, शाळा बंद होती’ किंवा ‘मला शाळा दिसलीच नाही’ या सबबी सांगून काही मिळत नाही. मर्यादेपेक्षा 10 मैलांहून जास्त वेग असेल तरच तिकीट निघतं. मर्यादा 25 ची असेल, तर 35 च्या पुढे. इतकी सूट दिल्यावर ‘दोन-चार मैल इकडेतिकडे झाले असतील’ हे रडगाणं मला तरी पटत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एका गोष्टीवरून. हे तिकीट ड्रायव्हरवर नसतं, गाडीमालकावर असतं. चिरंजीव मित्रांना घेऊन फिरायला गेले आणि नोटीस आली वडिलांच्या नावानं, तर ‘मी चालवतच नव्हतो’ हे उत्तर खरं असूनही चालत नाही. याची दुसरी बाजू मात्र तुमच्या फायद्याची आहे. लायसन्सवर पॉइंट चढत नाहीत, ड्रायव्हिंगच्या रेकॉर्डवर नोंद होत नाही आणि या कारणासाठी विमा कंपनीला हप्ता वाढवता येत नाही. हा फौजदारी गुन्हा नाही, दिवाणी दंड आहे. म्हणूनच पुराव्याची पट्टीही सैल असते. तंत्रज्ञानं फोटो तपासून शपथेवर दिलेलं प्रमाणपत्र प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, आणि ते खोडून काढायचं काम तुमच्यावर येतं.

मग खोडायचं कसं? आधी फोटो पाहा. गाडीच्या मागच्या बाजूचे, तारीख-वेळ छापलेले किमान दोन फोटो हवेत, आणि दोन्हींत गाडीजवळची एकच स्थिर वस्तू दिसायला हवी. दिव्याचा खांब म्हणा, पाण्याचा नळखांब म्हणा. ही अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे घरबसल्या ढोबळ पडताळा घेता येतो. 36 मैलांच्या वेगानं गाडी सेकंदाला सुमारे 53 फूट जाते. दोन फोटोंत अर्ध्या सेकंदाचं अंतर असेल, तर खांबाच्या तुलनेत गाडी 26 फूट, म्हणजे जवळपास पावणेदोन गाड्यांच्या लांबीएवढी पुढे सरकलेली दिसायला हवी. कॅमेऱ्याच्या कोनामुळे हिशेब तंतोतंत जुळणार नाही, पण गाडी जेमतेम हातभर सरकलेली दिसली तर लेखी विचारायला हरकत नाही.

पुढे नंबर प्लेट. इंग्रजी ‘बी’ आणि आठ, ‘ओ’ आणि शून्य यांची गफलत होऊ शकते. प्लेटवरचं राज्य, गाडीचा रंग, मॉडेल आपलंच आहे ना, हे बघा. गाडी विकली असेल तर न्यू जर्सीत प्लेट परत करायच्या असतात. त्या दिल्याची पावती जपून ठेवा, कारण अशा वेळी वकिलापेक्षा तो कपटा जास्त कामाला येतो. गाडी किंवा प्लेट चोरीला गेली असेल, तर आधी केलेली पोलिस तक्रार जोडा.

कॅमेऱ्यालाही नियम आहेत. वापराच्या दिवशी यंत्र स्वतःच्या चाचणीत पास झालेलं हवं, यंत्र चालवणाऱ्यानं तशी रोजची नोंद ठेवायला हवी, आणि वर्षातून एकदा स्वतंत्र प्रयोगशाळेकडून त्याचं कॅलिब्रेशन व्हायला हवं. त्या वेळी यंत्र बिघडलेलं होतं, हा बचाव कायद्यातच दिलेला आहे. पण ‘बिघडलं असेल’ एवढं म्हणून भागत नाही. कुठली नोंद नाही, कुठली तारीख उलटून गेली, हे दाखवावं लागतं. नोटीस पाठवायलाही मुदत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या मालकाला 14 कामकाजाचे दिवस, बाहेरच्या राज्यातल्याला 45. म्हणजे आपल्याकडे पाकीट उशिरा आलं तर तेवढ्यावरून ते बाद होत नाही.

हरकत 30 दिवसांत घ्यावी लागते. ऑनलाइन, टपालानं किंवा समक्ष. निर्णय प्रशासकीय न्यायाधीश देतात, आणि तो पटला नाही तर पुन्हा 30 दिवसांत अपील करता येतं. ऑनलाइन सुनावणीत मुद्दा थोडक्यात मांडा आणि कागद स्कॅन करून जोडा. ‘मी पंधरा वर्षं अमेरिकेत आहे, एकही तिकीट नाही’ हे वाचून न्यायाधीश विरघळत नाहीत. ‘घाईत होतो’ लिहिलंत, तर वेग तुम्हीच कबूल केलात.

गप्प बसणं मात्र महागात पडतं. मुदत टळली की 25 डॉलरचा जादा दंड लागतो, आणि पुढे निकाल आपोआप तुमच्याविरुद्ध जातो. अशी थकबाकी 350 डॉलरच्या वर गेली की शहरात गाडीच्या चाकाला कुलूप लागू शकतं. यात सापडतात ते बहुतेक घर बदललेले लोक. नोटीस रजिस्ट्रेशनवरच्या पत्त्यावर जाते, आणि तुम्ही एडिसनहून प्लेन्सबरोला गेलात हे टपालवाल्याला ठाऊक नसतं. पत्ता बदलल्यावर आठवडाभरात मोटार व्हेइकल कमिशनला कळवायचा असतो.