तरुण चालक आणि जुनी वेगवान मोटार

५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा भाग खुला झाला आणि शहापूर तालुक्यांतून भरधांव मोटारी धांवूं लागल्या. तो वेग पाहून, नुकताच परवाना मिळालेल्या तरुणास जुनी कां होईना, पण 'स्पोर्ट्स' मोटार घ्यावी असा मोह होणें स्वाभाविक आहे. साध्या नव्या मोटारीच्या किमतींत ती मिळते, हा त्याचा युक्तिवादहि अगदींच पोकळ नाहीं.

परंतु शहापूरपुढें कसारा घाट आहे आणि मुरबाडपलीकडे माळशेज. पावसाळ्यांत माळशेजला धुकें उतरतें, दरडी कोसळतात. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यावर मोटार थांबण्यास चौपट अंतर लागतें. हा सृष्टिनियम कोणाची हौस पाहत नाहीं. मागल्या चाकांवर चालणारी जोरकस मोटार ओल्या वळणावर पायाच्या किंचित् अधिक दाबानेंहि घसरते. तिला सावरणें केवळ सवयीनेंच साधतें. शिवाय जुन्या मोटारीचे ब्रेक आणि टायर पहिल्या मालकाच्या हौसेनें झिजलेले असण्याचा संभव फार. टायरच्या कडेवरील चार आंकडे तो कोणत्या आठवड्यांत व वर्षीं घडला तें सांगतात. ते वाचल्यावांचून सौदा करूं नये.

१९८८ चा मोटार वाहन कायदा अठरा वर्षें पुरीं झालेल्यास परवाना देतो. अनुभव देत नाहीं. म्हणून तरुणानें पहिले दोन पावसाळे साध्या मोटारीवर काढावे. पुढें जाणत्या कारागिराकडून तपासून, विमा आणि नांवबदल पुरा करून, खुशाल हौस पुरवावी. हौस दोन वर्षें थांबूं शकते; घाटांतील वळण क्षणभरहि थांबत नाहीं.