भरतीची जर्सी आणि सुती बनियन
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)

पोलीस भरतीसाठी धावणारी आपली मुले पॉलिस्टरची जर्सी घालतात. काखेत, कमरेला पुरळ उठले की आपण घामोळे समजतो. कधी दोष रंगाचाही असतो. पॉलिस्टरचे डिस्पर्स रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. घामाने, घर्षणाने सुटून कातडीला लागतात. गडद निळ्या रंगांची ॲलर्जी विशेष आढळते. पॉलिस्टर हवेतला ओलावा जेमतेम ०.४ टक्के धरते, आपला कापूस सुमारे ८ टक्के. सुती कपडा उशिरा वाळतो, हे खरे. शिवाय सुरकुत्या न पडणाऱ्या सुती कापडातही फॉर्मल्डिहाइड असू शकते. म्हणून नवा कपडा धुऊनच घालावा. पुरळ असेल तर जर्सीऐवजी साधी पांढरी सुती बनियन वापरून पाहावी. तरीही न हटल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.