वऱ्हाडच्या अंगणातील कंदवर्गीय फुलझाडे



वऱ्हाडात बागेचा विचार करावयाचा म्हणजे प्रथम उन्हाळ्याचा विचार करावा लागतो. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर सहज जातो. वर्षाकाठी पडणारा सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. नंतरचे आठ महिने विहिरीवर, नळावर किंवा धरणाच्या साठ्यावर काढावयाचे असतात. अमरावतीकरांना अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोलेकरांना काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. या साठ्यांकडे उन्हाळ्यात साऱ्या शहराचे डोळे लागलेले असतात. अशा दिवसांत पिण्याचे पाणी गुलाबाच्या आळ्यात ओतावे, असे कोणताही विचारी गृहस्थ म्हणणार नाही.

मग वऱ्हाडातील घराने, शाळेने, ग्रामपंचायतीने फुलांची हौस करूच नये काय? अवश्य करावी. परंतु जी झाडे उन्हाळा जमिनीखाली झोपून काढतात आणि पावसाच्या चाहुलीने जागी होतात, त्यांच्यापासून प्रारंभ करावा. ही झाडे म्हणजे कंदवर्गीय फुलझाडे. त्यांची निवड, लागवड आणि जोपासना यांविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी आज आपणापुढे मांडावयाच्या आहेत.

कंद म्हणजे झाडाची शिदोरी

आपल्या स्वयंपाकघरातील कांदा उभा चिरून पाहावा. मध्यभागी कोंब आणि त्याभोवती अन्नाने भरलेल्या जाड पाकळ्या दिसतात. या पाकळ्या म्हणजे वस्तुतः पानांचेच तळभाग होत. नागदवणा आणि पावसाळी लिली यांचे कंद याच प्रकारचे असतात. ग्लॅडिओलसचा कंद मात्र आतून भरीव असतो. त्यास घनकंद म्हणतात. कर्दळ व सोनटक्का यांची जमिनीतील खोडे आले-हळदीप्रमाणे आडवी वाढतात. डेलियाची मुळेच रताळ्यासारखी फुगतात. वनस्पतिशास्त्र या प्रकारांना वेगवेगळी नावे देते. परंतु काम सर्वांचे एकच. अनुकूल ऋतूत हिरव्या पानांनी तयार केलेले अन्न साठवावयाचे आणि प्रतिकूल ऋतूत त्यावर तग धरावयाचा.

यातूनच कंदाच्या जोपासनेचा मुख्य नियम निघतो. फूल गळाले म्हणजे झाडाचे काम संपले असे समजू नये. पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी त्यानंतरच्या काळात हिरवी पानेच बांधत असतात. वाफा नीटनेटका दिसावा म्हणून जे ती पाने कापतात किंवा त्यांच्या गाठी मारतात, त्यांना पुढील वर्षी पाने मिळतात, फुले मिळत नाहीत. पाने आपोआप पिवळी पडून सुकेपर्यंत त्यांना हात लावू नये.

आपली माती, आपले पाणी

वऱ्हाडची काळी माती कापसासाठी नावाजलेली आहे. बेसाल्ट खडकापासून झालेली ही चिकण माती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पाणी धरण्याचा हाच गुण कंदांना घातक ठरतो. कंद तहानेने क्वचितच मरतो. साचलेल्या पाण्यात कुजून मात्र हमखास मरतो. म्हणून सपाट जमिनीत कंद लावू नयेत. २० ते २५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. दोन भाग माती, एक भाग भरड वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत हे मिश्रण पुष्कळसे काम भागवते. शेणखत कच्चे असेल तर कंद कुजण्यास तेच कारण होते. लागवडीच्या वेळी मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळावी. कडुनिंबाला आपल्या भागात तोटा नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या बाजूच्या अनेक गावांत विहिरीचे पाणी खारट आहे. त्या पाण्याने जमिनीचा पोत बिघडतो आणि नाजूक मुळे जळतात. तेथील गृहिणींना परसबाग म्हणजे अशक्य गोष्ट वाटली तर नवल नाही. परंतु जो कंद जूनमध्ये उगवून सप्टेंबरपर्यंत आपले वर्षाचे काम उरकतो, तो पावसाच्याच पाण्यावर जगतो. विहिरीच्या पाण्याची त्यास जवळजवळ गरज पडत नाही. खारपाणपट्ट्यात म्हणून पावसाळी कंदच निवडावेत, ते शक्यतो कुंड्यांत लावावेत आणि पन्हाळीचे पाणी टाक्यात धरून मधल्या उघडिपीत वापरावे. चुलीची राख मात्र या भागात वाफ्यात टाकू नये. तिने जमिनीचा खारेपणा वाढतो.

कोणते कंद निवडावेत

निशिगंध, ज्यास गुलछडी असेही म्हणतात, हा मूळचा मेक्सिकोतील. पण आज तो आपल्या हारांत व गजऱ्यांत असा मिसळून गेला आहे की त्यास परका कोण म्हणेल! पाण्याची सोय असल्यास एप्रिल-मेमध्ये, नसल्यास पहिल्या चांगल्या पावसानंतर त्याची लागवड करावी. दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे निरोगी कंद घ्यावेत, ५ ते ७ सेंटिमीटर खोल लावावेत आणि दोन कंदांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. लागवडीपासून तीन ते चार महिन्यांत फुले येऊ लागतात. सुट्या फुलांसाठी एकेरी, तर फुलदाणीसाठी दुहेरी प्रकार लावतात. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ या एकेरी जाती प्रसिद्ध आहेत. दोन-तीन वर्षांनी वाफा खणून कंद वेगळे करून पुन्हा लावावेत, अन्यथा दाटी होऊन फुले लहान होतात.

पावसाळी लिली हा हौशी माळ्याचा सर्वांत सोपा सोबती होय. एखादी जोराची सर येऊन गेली की काही दिवसांतच गुलाबी, पांढरी किंवा पिवळी फुले वाफ्याच्या कडेने उभी राहतात. ‘मे फ्लॉवर’ या नावाने ओळखला जाणारा आफ्रिकेतील कंद वर्षातून एकदाच, वळवाच्या सरींच्या सुमारास, लाल फुलांचा चेंडूसारखा गुच्छ देतो. त्याचे कंद दरवर्षी उकरू नयेत. जागचे न हलविलेले झाड अधिक चांगले फुलते. नागदवणा व स्पायडर लिली कुंपणाच्या कडेने शोभतात. नागदवण्याच्या कंदाची मान मातीच्या वर राहू द्यावी. न्हाणीच्या पाण्याची वाट असेल तेथे कर्दळ, आणि त्याच बाजूस सावली असेल तर सोनटक्का लावावा.

हिवाळ्यासाठी ग्लॅडिओलस आहे. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे कंद लावल्यास फुले एकदम न येता क्रमाने मिळतात. दांड्यावरील सर्वांत खालच्या कळीला रंग दिसू लागताच दांडा कापावा व झाडावर चार-पाच पाने ठेवावीत. डेलियाला मात्र थंड हवा मानवते. चिखलदऱ्याच्या सुमारे ११०० मीटर उंचीवर तो जसा खुलतो तसा अकोल्यात खुलणार नाही.

काश्मीरचे ट्युलिप पाहून आलेली मंडळी ते येथे लावता येतील काय, असे विचारतात. श्रीनगरची झबरवान डोंगराच्या पायथ्याची ट्युलिप बाग २००७ मध्ये खुली झाली, तेव्हापासून ही हौस वाढली आहे. या कंदास फुलण्यापूर्वी सुमारे तीन महिने कडक थंडी लागते. शीतकपाटात ठेवून एखादे फूल मिळवता येईल, पण कंद पुढच्या वर्षासाठी उरत नाही. याच ट्युलिपच्या कंदांपायी हॉलंडमध्ये भाव भरमसाट चढले आणि १६३७ मध्ये कोसळले, हा इतिहासही विसरू नये. महाग कंद म्हणजे चांगला कंद नव्हे. आपल्या हवेत जो दुसऱ्या वर्षी पुन्हा उगवतो तो चांगला.

विश्रांती आणि साठवण

कंद किती खोल लावावा, याचे सर्वसाधारण प्रमाण कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट असे धरावे. रोप वाढत असताना पाणी द्यावे. पाने पिवळी पडू लागताच ते कमी करावे आणि पाने सुकल्यावर थांबवावे. झोपलेल्या कंदाला दयाबुद्धीने घातलेले पाणी त्याचा प्राण घेते.

ग्लॅडिओलसचे कंद फुलानंतर सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी काढावेत. जुना कंद सुरकुतून गेलेला आणि त्यावर नवा कंद तयार झालेला दिसेल. भोवती बारीक पिलकंद असतात. ते टाकू नयेत, दोन-तीन हंगामांत तेही फुलण्याजोगे होतात. काढलेले कंद दोन आठवडे सावलीत सुकवावेत, जखमी व मऊ पडलेले वेगळे काढावेत आणि उरलेले बांबूच्या टोपलीत कोरड्या वाळूत एकेका थराने ठेवावेत. पत्र्याखालची खोली या कामी निरुपयोगी. धाब्याच्या घरातील थंड, कोरडा, हवेशीर कोपरा उत्तम. लागवडीपूर्वी ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी कंदांना चोळल्यास कूज कमी होते.

निशिगंधाच्या मुळांवर गाठी दिसल्यास तो सूत्रकृमींचा उपद्रव समजावा. वांगी-टोमॅटोच्या वाफ्यात लगेच निशिगंध लावू नये. मध्ये एक हंगाम झेंडू घ्यावा. लिली व कळलावीवर काळसर अंगाची, ठिपकेदार अळी पडते आणि दोन दिवसांत पाने फस्त करते. सकाळी हाताने वेचून ती साबणाच्या पाण्यात टाकणे हाच घरगुती बागेतील सुरक्षित उपाय होय.

कळलावी : सौंदर्य आणि सावधगिरी

पावसाळ्यात मेळघाटाच्या पायथ्याशी आणि शेताच्या कुंपणावर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले घेऊन चढणारी कळलावी आपण पाहिली असेल. कोकणात तिला गौरीचे हात म्हणतात. तमिळनाडूने तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. ही वेल अंगणात येते, परंतु तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन हे तीव्र विष असते. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरण्याची जुनी समजूत तिच्या नावाशी निगडित आहे. हा प्रयोग प्राणावर बेततो. असा सल्ला कोणी देत असल्यास त्या भगिनीला तत्काळ आरोग्य केंद्रात नेणे हे पंचायत सदस्यांचे आणि शिक्षकांचे कर्तव्य आहे. लहान मुले जेथे खेळतात तेथे, म्हणजे शाळेच्या आवारात, कळलावी लावूच नये. नागदवणा व लिली यांचे कंदही कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात; ते स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट अशी की, रानातून कळलावी किंवा इतर कंद उपटून आणणे हा बागकामाचा मार्ग नव्हे. कळलावीच्या कंदाच्या टोकावरच कोंब असतो. ओढताना टोक मोडले की तो कंद अंगणातही उगवत नाही आणि रानातूनही गेलेला असतो. अभयारण्यातून व राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. कळलावी हवीच असेल तर लागवड केलेल्या झाडाचे बी किंवा रोपवाटिकेतील कंद घ्यावा.

शाळा आणि ग्रामपंचायत

आता शेवटचा आणि माझ्या मते महत्त्वाचा मुद्दा. शाळेत जुलैत उत्साहाने लावलेली पुष्कळ रोपे मे महिन्यात मरतात, कारण सुटीत पाणी घालण्यास कोणी नसते. मुले जूनअखेर परततात ती वाळलेल्या काड्यांकडे. या अनुभवाने झाड लावण्यावरचा त्यांचा विश्वास उडतो, ही हानी मोठी आहे. कंदाचे वेळापत्रक मात्र विदर्भातील शाळेच्या वेळापत्रकाशी जुळते. शाळा सुटते तेव्हा तो झोपी जातो आणि शाळा उघडते तेव्हा जागा होतो. काही न करता सोडून दिलेला वाफा परत आल्यावर फुललेला मुलांना दिसतो. कांदा आणि निशिगंध शेजारी ठेवून मूळ, खोड व पान यांचा पाठही तेथेच शिकविता येईल.

यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. कंद वाढतो तसा वाटावा लागतो. न वाटल्यास दाटीने फुलत नाही. गावातील ज्या घरी निशिगंध वा लिलीचा जुना वाफा असेल तेथून मूठभर कंद शाळेने घ्यावेत, दोन-तीन वर्षांनी शाळेने ते अंगणवाडीला व आरोग्य केंद्राला द्यावेत. सर्वत्र उंच जागा निवडावी आणि कंद कोणते विषारी ते मुलांना प्रथमच सांगावे. ज्यांना अधिक माहिती हवी असेल त्यांच्यासाठी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या दारी आहे. तेथे फुलशेतीचे अध्यापन व संशोधन चालते.

मृगाच्या सरी येण्यापूर्वी एक गादीवाफा तयार ठेवावा, एवढीच विनंती. पुढचे काम पाऊस आणि कंद मिळून करतील.