साचेबंद गाणे आणि श्रोत्याची आवड



लोकप्रिय गाण्याविषयी सुशिक्षितांना वाटणारी चीड ही काही आजची नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. केसकर मराठी, अभिजात संगीताचे अभिमानी आणि हिंदी चित्रपटगीतांच्या उथळपणाला मनापासून विटलेले. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर त्यांनी कात्री चालवली. निर्मात्यांशी वाद चिघळला आणि काही काळ आकाशवाणीवर चित्रपटगीत जवळजवळ ऐकू येईनासे झाले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परिणाम मात्र असा झाला की, श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. तेथे त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका टूथपेस्टच्या जाहिरातीखातर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत, हॉटेलांत, पानाच्या ठेल्यांवर घुमू लागला. अखेर १९५७ मध्ये सरकारलाच ‘विविध भारती’ काढावी लागली.

ही हकीकत सांगणारे बहुधा येथेच थांबतात. लोकांना जे हवे होते ते त्यांनी मिळवले आणि मंत्री हरले, असा तिचा अर्थ लावला जातो. तो अर्धाच खरा आहे. गीतमाला लोकांची आवड नुसती कळवत नव्हती, ती घडवतही होती. या आठवड्यात कोणते गाणे कोणत्या ‘पायदानावर’ चढले हे ऐकण्यासाठी माणसे जमत, आणि वर चढलेले गाणे त्यामुळेच अधिक वेळा कानावर पडे. गाणे गाजते म्हणून ते वाजते की वाजते म्हणून ते गाजते, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित राहिला आहे.

या प्रश्नाला दोन आयती उत्तरे मिळतात. लोकांची अभिरुचीच हिणकस आहे, हे रसिकांचे उत्तर; लोकांना हवे तेच आम्ही देतो, हे व्यापाऱ्याचे. दोघे एकमेकांना पाण्यात पाहतात, पण दोघांचेही गृहीत एकच आहे. लोकांची आवड ही आधीच ठरलेली वस्तू आहे, असे दोघेही धरून चालतात. अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तकही गिऱ्हाइकाची आवड आकाशातून पडल्याप्रमाणे गृहीत धरते. व्यापाऱ्याची त्यात मोठीच सोय होते.

रसिकांची तक्रार खोटी मात्र नाही. थिओडोर अडोर्नो या जर्मन तत्त्वज्ञाने १९४१ साली, अमेरिकेत आश्रयाला असताना, तेथील लोकप्रिय गाण्यावर निबंध लिहिला. ३२ बारांच्या ठरलेल्या चौकटीत एक भाग काढून दुसरा बसवला तरी काही बिघडत नाही, आणि वरवरच्या नक्षीमुळे श्रोत्याला मात्र प्रत्येक गाणे वेगळे भासते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे २०१२ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातील साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणे संगणकाने तपासली. स्वरांच्या जोडणीतील वैविध्य कमी झाले, ध्वनींचा पोत एकसारखा होत गेला आणि गाणी अधिकाधिक कर्कश होत गेली, असे त्यांना आढळले. मॅक्स मार्टिन या एकट्या स्वीडिश गीतकाराची २५ पेक्षा अधिक गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या स्थानी पोहोचली. हिंदी चित्रपटसृष्टीत गेल्या काही वर्षांत जुन्याच गाण्यांना नवा ठेका लावून विकण्याची साथ आली आहे. ‘दिल्ली ६’ मधील ‘मसकली’चे असे रूपांतर २०२० मध्ये निघाले, तेव्हा मूळ संगीतकार ए. आर. रहमान यांनी आपली नाराजी लपवली नाही. पण कंपनीच्या बाजूने पाहिले तर हिशेब सोपा आहे. जुन्या गाण्याचे हक्क हाती आहेत, चाल लोकांच्या ओठांवर आहे. नव्या संगीतकाराच्या नव्या चालीवर पैसा लावून धोका कोण पत्करील?

तरीही केवळ साचा हा दोष मानता येत नाही. जात्यावरच्या ओवीइतके साचेबंद गाणे दुसरे कोणते? तोच छंद, तीच चाल, त्याच भाऊ-बहिणीच्या आणि पंढरीच्या गोष्टी. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांत सासुरवासाचे, दारिद्र्याचे, बाबासाहेबांचे असे जगच्या जग सापडले. साचा दळणारणीच्या ताब्यात होता; त्यात काय ओतायचे ते ती ठरवत होती. चित्रपटाच्या चालीचेही असेच झाले आहे. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, तेव्हा गल्लीबोळांतल्या गायकांनी गाजलेल्या चित्रपटगीतांच्या चालींवर भीमगीते बसवली, गणपतीची गाणी बसवली. रसिकांनी नाके मुरडली. पण बाजाराने दिलेली चाल उचलून तिच्यात स्वतःचे बोल भरणाऱ्या माणसाला निर्बुद्ध श्रोता म्हणणे अवघड आहे.

मग आवड येते कोठून? रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हे, अनोळखी चेहरे माणसांना कमीअधिक वेळा दाखवले. जे अधिक वेळा दिसले ते त्यांना अधिक बरे वाटले. दिवसभर यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाला परतीच्या लोकलमध्ये ओळखीचे गाणे हवेसे वाटते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्यांना ख्यालाची गोडी आहे त्यांनाही तीच चीज, तोच राग पुन्हा ऐकण्यातच सुख असते.

याहून बोलका प्रयोग २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी अप्रसिद्ध वाद्यवृंदांची ४८ गाणी चौदा हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींनी ती स्वतंत्रपणे ऐकली. उरलेल्यांचे आठ गट केले आणि प्रत्येकाला आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले ते दाखवले. लोकप्रियतेची विषमता आठही गटांत वाढली. परंतु यशस्वी गाणी प्रत्येक गटात वेगळी निघाली. स्वतंत्र श्रोत्यांत २६ व्या क्रमांकावर असलेले एक गाणे एका गटात पहिले आले, दुसऱ्या गटात चाळिसावे. फार चांगले गाणे सहसा बुडाले नाही, फार वाईट सहसा तरले नाही. मधल्यांचे काहीही होऊ शकत होते. हे समजल्यावर, पहिल्या धक्क्यासाठी पैसा ओतणे कंपनीला का परवडते ते वेगळे सांगावे लागत नाही.

एवढी स्पर्धा असताना वेगळे गाणे पुढे का येत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर पीटर स्टायनर या अर्थशास्त्रज्ञाने, योगायोगाने १९५२ सालीच, एका निबंधात दिले होते. त्याचा युक्तिवाद सोयीच्या आकड्यांत मांडायचा तर असा: एका शहरात १०० श्रोते आहेत. ८० जणांना चालू चित्रपटगीते हवीत, १५ जणांना भावगीते व लोकगीते, ५ जणांना शास्त्रीय संगीत. पहिले केंद्र अर्थातच ८० जणांच्या मागे जाईल. दुसरेही तेच करील, कारण वाटणीत ४० येतात आणि भावगीते लावली तर १५ च. तिसरे, चौथे, पाचवेही त्याच वाटेने जातील. पाच केंद्रांत ८० श्रोते वाटले तरी प्रत्येकी १६ पडतात, म्हणजे १५ हून एक अधिकच. सहाव्याला भावगीत आठवेल. शास्त्रीय संगीताच्या पाच चाहत्यांना तर सतरा केंद्रे उघडेपर्यंत कोणी विचारणार नाही. स्पर्धा वाढली, पण निवड वाढली नाही. हीच पाच केंद्रे एका मालकाची असती तर स्वतःचेच श्रोते स्वतःशी वाटून घेण्याऐवजी त्याने तिन्ही प्रकार लावले असते, हा स्टायनरचा निष्कर्ष स्पर्धेच्या पूजकांना अद्याप पचलेला नाही. भारतात खाजगी एफएम केंद्रे २००१ पासून सुरू झाली. मुंबईत ती निघाल्यावर मराठी गाणे त्यांवर क्वचितच का लागते, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. तिच्यामागे भाषाद्वेष शोधला गेला. वरचे गणित त्याहून जवळचे होते.

इंटरनेटमुळे केंद्रांच्या संख्येची मर्यादा गेली, तेव्हा हे गणित मोडेल अशी आशा होती. परंतु स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले तरच ते मोजले जाते. म्हणून सुरुवातीलाच श्रोत्याला पकडणे आले. अमेरिकेतील गाजलेल्या गाण्यांत गायन सुरू होण्यापूर्वीचे वादन १९८० च्या दशकाच्या मध्यास वीस सेकंदांहून अधिक असे. २०१५ पर्यंत ते पाच सेकंदांवर आले. वर्गण्यांचा पैसा एका हौदात जमतो आणि एकूण वादनांच्या प्रमाणात वाटला जातो. महिनाभर केवळ एखाद्या शाहिराला ऐकणाऱ्याची वर्गणीही त्यामुळे बहुतांशी त्याने कधी न ऐकलेल्या नामांकितांकडे जाते. २०२४ पासून तर वर्षात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला या हौदातून काहीच मिळत नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये छोट्या कलावंतांसाठी वेगळी रीत काढली: ज्याने ज्याला ऐकले त्याचा पैसा त्यालाच. भारतात २०१२ च्या कायदादुरुस्तीने चित्रपटाच्या गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा न सोडता येणारा हक्क दिला. त्यासाठी जावेद अख्तर यांनी बरेच शिव्याशाप सोसले. गाणे वेगळे व्हावे असे वाटत असेल, तर वेगळे गाणाऱ्याचे घर चालते की नाही हे पाहावे लागेल.

आणि त्याला पुन्हा पुन्हा ऐकवणारे कोणी हवे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ सुरू केले. सीताकांत लाड यांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या रागदारीवर बेतलेल्या चाली. आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली. पाठीशी ना चित्रपट होता, ना टूथपेस्ट. रेडिओ सिलोन त्या वेळीही ऐकू येत होते, पण कार्यक्रमाच्या वेळी घरोघर माणसे रेडिओभोवती बसत आणि कित्येकजण रेडिओला हार घालत. नभोवाणीखाते तेव्हाही केसकरांकडेच होते.