शब्द समजला, हे कसे ओळखावे?

(तुळिंज येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



नवा पाठ शिकविल्यावर आपण विचारतो, "समजले का?" सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. या होकारावर मीही पुष्कळ वर्षे विसंबून होतो. त्यातील चूक मला एका मुलाने दाखविली.

'सोपारा हे प्राचीन काळी मोठे बंदर होते,' असे मी वर्गात सांगितले. शब्द सोपा, म्हणून अर्थ सांगितला नाही. पुढे चित्र काढावयास दिले, तेव्हा उत्तरेकडून आलेल्या एका मुलाने माकड काढले. वर्ग हसला. मुलगा कित्येक दिवस बोलेना. हिंदीत 'बंदर' म्हणजे माकड. चूक त्याची नव्हती, माझी होती.

अशी मुले या परिसरात पुष्कळ आहेत. हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. अपरिचित शब्द मूल निदान विचारते. ओळखीचा वाटणारा शब्द ते विचारीत नाही. म्हणून तोच आधी तपासावा.

त्यासाठी चार गोष्टी सुचवितो :

१. व्याख्या विचारू नये. ती पाठ होते. "तळे, एस.टी.चा थांबा, गलबतांतून माल उतरविण्याची जागा, यांपैकी बंदर कोणते? का?" असे विचारावे.

२. उत्तर सर्वांनी पाटीवर लिहून एकदम वर धरावे. म्हणजे अबोल मुलाचेही उत्तर दिसते.

३. 'हे बंदर आहे' या वाक्याने काहीच कळत नाही. अर्थ उघड होईल असेच वाक्य मागावे.

४. चार दिवसांनी तोच शब्द दुसऱ्या संदर्भात पुन्हा विचारावा.

आपल्याच जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. शिंपले, पाने, बिया अशा परिसरातील वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाची साधने केले. मुलाच्या घरचा शब्द हेही तसेच साधन होय.

पुढे मी त्या मुलास विचारले, "तुमच्या गावी नदीवर नावा लागतात त्या जागेस काय म्हणतात?" तो म्हणाला, "घाट." इतर मुलांना घाट म्हणजे डोंगरातील वाट एवढेच ठाऊक होते. त्या दिवशी वर्गास नवा अर्थ मिळाला, आणि तो देणारा तोच मुलगा होता. त्यानंतर तो बोलू लागला.

उद्या "समजले का?" हा प्रश्न ओठांवर येईल, तेव्हा क्षणभर थांबावे, एवढीच माझी विनंती आहे.