डोळ्यांना मुदत सहा तासांची

माउली, पंगत उशिरा उठली, तुम्ही दमलाय. थोडंच बोलतो.

आमचे थोरले बंधू या दिंडीचे विणेकरी. नगरला मोतीबिंदू काढून आले तेव्हा म्हणाले, "माझ्यामागं डोळे देऊन टाका रं, जाळू नका." आम्ही हो म्हणालो. पौषात रात्री दहाला ते गेले. लेक सुरतेला, तिची वाट बघत भजन लावलं. दादांचा शब्द ध्यानात नव्हता असं नाही. आम्ही विषय काढला, तर चुलती म्हणाली, "डोळे काढले तर पुढल्या जन्मी आंधळा येईल." उत्तर आम्हाला येत होतं. सगळा देह जाळतो, तरी पुढला जन्म हातापायांसकट मिळतो म्हणता, मग डोळेच तेवढे कसे राहतील? पण भावकी बसलेली, आम्ही गप राहिलो. पहाटे धीर करून फोन लावला. पलीकडून म्हणाले, "बाबा, उशीर झाला. सहा तासांच्या आत लागतात." चाळीस वर्षं कीर्तनात देह नाशवंत म्हणून सांगतोय आम्ही.

आपल्या भागात डोळे जातात कशानं? उसाचं पाचट काढताना पात लागतं. मग कुणी दूध घालतं, कुणी तूप. जखम चिघळते, फूल पडतं. लेकरू चुन्याची पुडी दाबतं आणि चुना डोळ्यात उडतो. तंबाखू खाणाऱ्यांनी हे ऐका. असं फूल पडलं की बुबुळावरचा काचेसारखा पडदा पांढरा होतो. तोच बदलता येतो, आख्खा डोळा नाही. मेलेल्या माणसाचा पडदा जित्याला बसतो, आणि दोन डोळे दोघांच्या कामी येतात. शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं, पडदा बदलणं पहिल्यांदा साधलं 1905 साली, आजच्या चेक देशात. झिर्म नावाचे डॉक्टर, आणि रोगी कोण, तर चुन्यानं आंधळा झालेला शेतमजूर! त्याचा एक डोळा टिकला. आपल्यातलाच म्हणायचा की तो.

मागल्या साली आई गेली. या वेळी आम्ही कुणाला विचारत बसलो नाही. पंखा बंद केला, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली, आधी फोन केला आणि मग सोयऱ्यांना कळवलं. डॉक्टर घरी आले. आम्ही सही केली, साक्षीदारांनी केली. घरच्यांची संमती असली की आधी फॉर्म भरलेला नसला तरी चालतं. चष्मा, साखर, मोतीबिंदूचं ऑपरेशन काही आड येत नाही, वयही नाही. कावीळ, एड्स, पिसाळलेलं कुत्रं चावून मरण, असलं काही असेल तर मात्र घेत नाहीत. पैसा द्यायचा नाही, घ्यायचा नाही. 1994 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. वीस मिनिटांत काम झालं. चेहरा होता तसाच. चुलतीनं स्वतः आईच्या तोंडावरून हात फिरवून पाहिला, काही बोलली नाही.

डोळे कुणाला बसले ते सांगत नाहीत, रीतच तशी आहे. वारीत अनोळखी कुणी आमच्याकडं बघून हसलं की उगाच मनात येतं.

नेत्रपेढीचा नंबर आम्ही हरिपाठाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. थोरल्या सुनेला तो पाठ आहे. आणि चुलतीनं परवा तो तिच्याकडून लिहून घेतला.