मॉनिटर घेताय? आधी टेबल मोजा

आजचा एपिसोड छोटा आहे, पण कामाचा आहे. चोवीस इंची घेऊ, सत्तावीस घेऊ की थेट बत्तीस? हा प्रश्न वर्क फ्रॉम होमवाल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. पहिल्या-दुसऱ्या पगारातून घेतलेली वस्तू असते, आणि पुढची काही वर्षं रोज आठ-नऊ तास तिच्यासमोर बसायचं असतं. डोळे आपले, मान आपली. म्हणून ऑफर्स जरा बाजूला ठेवा आणि घरातली मेजरिंग टेप शोधा.

टेबलाची लांबी सगळेच बघतात. आपल्याला मोजायचंय ते भिंतीपासून तुमच्या पोटापर्यंतचं अंतर. समजा टेबल ४५ सेंटीमीटरचं आहे, म्हणजे अगदी अरुंद. स्टँडमुळे स्क्रीन भिंतीपासून साधारण १५ सेंटीमीटर पुढे येते. उरले ३०. तुमचे डोळे टेबलाच्या कडेपासून अजून १५-२० सेंटीमीटर मागे. म्हणजे डोळे ते स्क्रीन हे अंतर जेमतेम ४५-५०. एवढ्या जवळ सत्तावीस इंची ठेवलात तर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात बघायला मान फिरवावी लागेल.

मग हिशोब कसा करायचा? माझा सोपा नियम: चोवीसला साधारण ६० सेंटीमीटर अंतर, सत्तावीसला ७०, बत्तीसला ८०. एवढ्या अंतरावरून तिन्ही स्क्रीन डोळ्यांना जवळपास सारख्याच रुंद दिसतात. ६० सेंटीमीटरच्या टेबलावर चोवीस इंची छान बसतो. सत्तावीस हवाच असेल तर मॉनिटर आर्म लावून स्क्रीन भिंतीकडे ढकला. पण आर्म घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. मॉनिटरच्या पाठीमागे व्हेसाची चार भोकं आहेत का? आणि टेबलाला क्लॅम्प बसेल अशी मजबूत कड आहे का? काचेच्या टेबलावर क्लॅम्प नको रे बाबा!

आता दुसरा मुद्दा, रिझोल्यूशन. फुल एचडी चोवीस इंची असो की सत्तावीस इंची, पिक्सेल तेवढेच: १९२० गुणिले १०८०. म्हणजे मोठा घेतला म्हणून कोडच्या जास्त ओळी दिसणार नाहीत, त्याच ओळी मोठ्या दिसतील. चोवीसमध्ये एका इंचात साधारण ९२ पिक्सेल, सत्तावीसमध्ये ८२. अक्षरांच्या कडा खरखरीत वाटायला लागतात. दिवसभर टेक्स्ट वाचायचं असेल तर सत्तावीसला १४४०पी घ्या, तिथे इंचाला १०९ पिक्सेल मिळतात. बजेट फुल एचडीचंच असेल तर चोवीस घ्या आणि खुश राहा. त्यात काही कमीपणा नाही.

आणि बत्तीस? त्याची स्क्रीनच ४० सेंटीमीटर उंच. खाली स्टँड आला की वरची कड डोळ्यांच्या वर जाते आणि मान सतत वर. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. शेजारी लॅपटॉप उघडा ठेवणार असाल तर त्याचे साधारण ३६ सेंटीमीटरही रुंदीत धरा.

अजूनही ठरत नसेल तर फ्रिजच्या नाहीतर कुठल्याही मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. चोवीससाठी ५३ बाय ३०, सत्तावीससाठी ६० बाय ३४, बत्तीससाठी ७१ बाय ४० सेंटीमीटर कापा. मॉनिटर जिथे येणार तिथे पुस्तकांना टेकवून उभा करा आणि अर्धा तास समोर बसून काम करा. घरचे हसतील, हसू देत. हात सरळ पुढे केल्यावर बोटं पुठ्ठ्याला जेमतेम लागली आणि मान न फिरवता चारही कोपरे दिसले, तर तो तुमचा साइज.

एवढं करा आणि मगच ऑर्डर टाका. तुमचं टेबल किती सेंटीमीटरचं निघालं ते मला नक्की कळवा. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!